दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील दाभोळ

दाभोळ हे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील बंदरगाव वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, खाडीच्या उत्तर तीरावर वसलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९–१९४५) हे गाव मुंबई प्रांताच्या रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होते. येथे बॉम्ब पडला नाही, शत्रूचे सैन्य उतरले नाही, रणगाडाही दिसला नाही. तरीही भात, घासलेट, कापड, सुटे पैसे आणि आगबोट या पाच गोष्टींच्या वाटेने युद्ध गावातील प्रत्येक घरात पोहोचले. मुंबईहून येणारी मनीऑर्डर या काळात वाढली, पण तिच्या मोबदल्यात मिळणारा माल घटला. उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील युद्धकालीन जीवन प्रामुख्याने या विसंगतीने घडवले. या लेखात दाभोळ व खाडीच्या परिसरातील त्या काळच्या व्यापाराची आणि दैनंदिन व्यवहाराची माहिती आहे.

पार्श्वभूमी

बहमनी व आदिलशाही राजवटींत दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. अरबस्तान व इराणकडे जाणारी जहाजे येथे लागत. डिसेंबर १५०८च्या अखेरीस पोर्तुगीज सेनानी फ्रान्सिस्को द आल्मेदा याने ते जाळले. १६६०च्या सुमारास ते शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले. पुढे मुंबईचा उदय झाला आणि परदेशी व्यापार दाभोळातून निघून गेला. आदिलशाही काळातील मशीद व चंडिकादेवीचे गुहामंदिर यांखेरीज त्या वैभवाची फारशी खूण विसाव्या शतकात उरली नव्हती.

१९३९ सालचे दाभोळ हे खाडीच्या तोंडावरचे मध्यम आकाराचे गाव होते. मासेमारी, नारळ-सुपारीच्या बागा, डोंगरउतारावरील भात व नाचणी, किराणा-भुसाराची दुकाने आणि धक्क्यावरील हमाली ही उपजीविकेची साधने होती. गावात हिंदू व कोकणी मुसलमान अशा दोन्ही समाजांची मोठी वस्ती होती. दोहोंतील तरुण पुरुषांचा बराच भाग गावाबाहेर, मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत किंवा जहाजांवर असे. मुंबईत नोकरी करणाऱ्याला कोकणात ‘चाकरमानी’ म्हणतात. तो पाठवी त्या पैशावर घरचा वाण्याचा हिशेब चुकता होई.

जिल्ह्यात पिकणारे धान्य जिल्ह्याला वर्षभर पुरत नसे. जमीन डोंगराळ व तुकड्यांची, पाऊस भरपूर पण चारच महिन्यांचा, आणि दुसऱ्या पिकाला पाणी नाही, अशी परिस्थिती होती. त्यातच दापोली भागात खोती पद्धत असल्याने पिकाचा ठरलेला हिस्सा धान्यरूपाने खोताकडे जाई. कुळाच्या कणगीत उरलेले भात काही महिन्यांतच संपे. त्यानंतरची भिस्त विकतच्या तांदळावर असे आणि या तांदळात ब्रह्मदेशातून मुंबईमार्गे येणाऱ्या ‘रंगून’ तांदळाचा मोठा वाटा होता. पूर्वेकडील एखाद्या दूरच्या बंदराचे नाव कोकणातल्या वाण्याच्या वहीत रोज लिहिले जात होते. त्या बंदराचे महत्त्व १९४२मध्ये कळले.

सागरी मार्ग व आगबोटी

कोकणात त्या वेळी रेल्वे नव्हती. दाभोळहून दापोली-खेडकडे जाणारे रस्ते कच्चे व वळणावळणाचे होते आणि पावसाळ्यात त्यांचा भरवसा नसे. मुंबईला जाण्याचा रूढ मार्ग समुद्राचा होता. मुंबई–गोवा मार्गावरील आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जात. आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू व माल पडावातून तिच्यापर्यंत नेत. दाभोळातून खाडीमार्गे सुमारे ४० किलोमीटर आत चिपळूणजवळील गोवळकोटपर्यंत जलवाहतूक चाले. चिपळूणला कुंभार्ली घाटातून उतरलेला देशावरचा माल, म्हणजे गूळ, मिरची, तंबाखू, कडधान्ये, बैलगाड्यांतून येई. अशा रीतीने दाभोळ मुंबईकडून येणारा आणि घाटावरून येणारा अशा दोन्ही प्रवाहांच्या मुखाशी होते.

युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारला सुरुंग काढण्यासाठी, गस्तीसाठी व बंदरांतील रसद वाहतुकीसाठी लहान जहाजांची निकड भासली. किनारी वाहतुकीतील अनेक आगबोटी रॉयल इंडियन नेव्हीच्या साहाय्यक सेवेत घेण्यात आल्या. ‘रत्नागिरी’, ‘पार्वती’, ‘प्रभावती’ ही त्यांपैकी काही नावे. ‘पार्वती’ एप्रिल १९४१मध्ये तांबड्या समुद्रात सुरुंगावर आदळून बुडाली. ‘प्रभावती’चा शेवट अधिक दुर्दैवी ठरला. डिसेंबर १९४१मध्ये, जपान युद्धात उतरल्यानंतर एक-दोन दिवसांतच, लक्षद्वीपच्या परिसरात ‘ग्लासगो’ या ब्रिटिश क्रूझरने तिला शत्रूचे जहाज समजून तोफांनी बुडवले.

किनारी मार्गावर उरलेल्या बोटींना कोळशाचा तुटवडा होता. फेऱ्या अनियमित झाल्या आणि गर्दी वाढली. आगबोटीवरील जागेसाठी उतारू, धान्याची पोती, आंब्याच्या पेट्या व सुक्या मासळीच्या गाठोड्यांत स्पर्धा सुरू झाली. नाशवंत मालाला हा काळ विशेष जड गेला. हापूस आंब्याचा हंगाम एप्रिल-मेमधील थोड्या आठवड्यांचा असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत पावसाळ्यापूर्वीची धान्याची शेवटची वाहतूक चालते.

या टंचाईत शिडाच्या जहाजांना पुन्हा दिवस आले. मचवे, गलबते व फतेमाऱ्या यांचा धंदा आगबोटींनी अर्धशतकभर मागे रेटला होता. त्यांना कोळसा लागत नव्हता, पेट्रोल लागत नव्हते. मीठ, कौले, लाकूड, नारळ आणि सरकारी धान्य वाहून नेण्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र त्यांची मागणी वाढली. नाखवा व तांडेल यांच्या अनुभवाला भाव आला. मात्र शिडाचे कापड, दोर आणि खिळे यांचीही टंचाई असल्यामुळे जुनी जहाजे डागडुजी करूनच हाकावी लागत.

भूमार्गाचा पर्याय दुबळा होता. १९४१मध्ये पेट्रोलचे नियंत्रण सुरू झाले. मलाया जपानच्या हाती पडल्यावर रबर दुर्मीळ झाले आणि टायर मिळेनासे झाले. खासगी मोटारमालकांनी गाड्यांच्या मागे कोळशाची भट्टी बसवून तिच्या वायूवर गाड्या चालवल्या. चढणीला अशा गाडीतून उतारूंनी उतरून चालणे हा प्रवासाचा भागच होता. या भट्ट्यांना लागणाऱ्या लोणारी कोळशासाठी झाडतोड वाढली.

आगोट आणि धान्यटंचाई

कोकणच्या अर्थव्यवहारात ‘आगोट’ या शब्दाला विशेष अर्थ आहे. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. मेअखेरीस समुद्र खवळू लागला की आगबोटी बंद होत आणि नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र शांत झाल्यावर पुन्हा सुरू होत. या मधल्या काळात बाहेरचा माल बंदरात येत नसे. म्हणून प्रत्येक घर एप्रिल-मेमध्ये चार महिन्यांची बेगमी करून ठेवी. त्यात तांदूळ, डाळ, मीठ, मिरची, सुकी मासळी, आमसूल, घासलेट आणि जळाऊ लाकूड यांचा समावेश असे. ज्यांच्याजवळ रोख पैसा नसे ते वाण्याकडून उधारीवर माल घेत आणि दिवाळीनंतर, नवे भात आल्यावर किंवा मुंबईहून रक्कम आल्यावर ती फेडत. वाणीही मे महिन्यात दुकान भरून ठेवत असे, कारण त्याचीही पुढची खेप भाद्रपदात येणार असे.

युद्धकालीन नियंत्रणांचा या पद्धतीशी थेट विरोध होता. साठा करणे हा नियंत्रणाच्या भाषेत गुन्हा होता. कोकणच्या भाषेत ते शहाणपण होते. १९४२पासून धान्याच्या घाऊक व्यापाराला परवाना आवश्यक झाला आणि परवान्याशिवाय धान्य एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेण्यावर बंदी आली. ऑक्टोबर १९४३मध्ये साठेबाजी व नफेखोरी प्रतिबंधक वटहुकूम निघाला. नियम करणाऱ्यांच्या नजरेसमोर गोदामे भरून भाव चढवणारा मोठा व्यापारी होता आणि असे व्यापारी होतेही. पण ज्या किनाऱ्यावर चार महिने बोट येत नाही तेथे दर आठवड्याला थोडे धान्य देण्याची व्यवस्था केवळ कागदावर सोपी होती. पावसाळ्यापूर्वी सरकारी धान्य वेळेत येऊन पोहोचले तरच ती चाले.

टंचाईचे मूळ ब्रह्मदेशात होते. ८ मार्च १९४२ रोजी रंगून जपानी सैन्याच्या हाती गेले. युद्धापूर्वी ब्रह्मदेशातून भारतात दरवर्षी दहा ते वीस लाख टन तांदूळ येत असे. संपूर्ण देशाच्या उत्पादनाशी तुलना करता हे प्रमाण लहान होते, पण तो तांदूळ सर्वत्र सारखा वाटला जात नव्हता. बंगाल, त्रावणकोर-कोचीन आणि कोकण अशा भात खाणाऱ्या तुटीच्या प्रदेशांची भिस्त त्यावर अधिक होती. १९४३मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्याच सुमारास मुंबई प्रांतातील विजापूर जिल्ह्यातही दुष्काळ होता. त्यामुळे रत्नागिरीला पाठवण्याजोगे धान्य प्रांतातल्या प्रांतात गोळा करणे सरकारलाही जड गेले.

मुंबई शहरात २ मे १९४३ रोजी धान्याचे रेशनिंग सुरू झाले. पुढे प्रांतातील इतर शहरांत त्याचा विस्तार झाला आणि खेड्यांत सरकारमान्य दुकानांतून ठरावीक भावाने धान्य देण्यात येऊ लागले. अशा दुकानाला लोक ‘कंट्रोलचे दुकान’ म्हणू लागले. भात पिकवणाऱ्यांकडून ठरावीक भावाने सक्तीची खरेदी होई, तिला ‘लेव्ही’ हे नाव रूढ झाले. ज्या कुळाचे पीक स्वतःलाच पुरत नव्हते त्याच्या दृष्टीने लेव्हीत दिलेले भात काही महिन्यांनी कंट्रोलच्या दुकानातून विकत घेणे हा उफराटा व्यवहार होता.

कंट्रोलच्या दुकानात तांदूळ नेहमी मिळत नसे. त्याऐवजी ज्वारी, बाजरी किंवा गहू मिळे. तीन वेळा भात किंवा पेज खाणाऱ्या घरांत गहू हे सणाचे धान्य होते. ते रोज कसे शिजवावे हा प्रश्न अनेक चुलींपुढे आला. नाचणीची भाकरी व आंबील, वरीचा भात, कुळथाचे पिठले यांचा आहारातील वाटा वाढला. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी या रानभाज्या, साठवलेल्या फणसाच्या आठळ्या आणि रानातील करांदे यांवर गरीब घरांचे दिवस निघत. हे पदार्थ आज कोकणी खाद्यसंस्कृतीचे भूषण म्हणून मिरवले जातात. त्या काळी त्यांतील अनेक पदार्थ पोटाची सोय होते.

‘अधिक धान्य पिकवा’ ही सरकारी मोहीमही याच काळातली. वरकस जमिनीवर नाचणी-वरी वाढवण्यास तिने उत्तेजन दिले. पण डोंगरउतारावरील वरकस जमिनीला एका पिकानंतर काही वर्षे विश्रांती द्यावी लागते आणि राब भाजण्यासाठी पालापाचोळा व कवळ लागते. त्यामुळे कोकणात या मोहिमेला मर्यादा होत्या.

चाकरमानी आणि मनीऑर्डर

युद्धाच्या मागणीमुळे मुंबईच्या कापडगिरण्या अहोरात्र चालू लागल्या. गोदी, कारखाने व लष्करी कोठारांत काम वाढले. महागाईभत्त्यासाठी मार्च १९४०मध्ये गिरणी कामगारांनी सार्वत्रिक संप केला होता. त्यानंतरच्या वर्षांत महागाईभत्ता हा मजुरीचा नियमित भाग बनला. गावी जाणाऱ्या मनीऑर्डरीची रक्कम वाढली. पोस्टमनच्या पिशवीतून येणाऱ्या या पैशावर दाभोळच्या बाजारात सुबत्ता आली असती, परंतु घाऊक भाव त्याहून वेगाने चढले. १९४३च्या अखेरीस देशातील घाऊक किमती युद्धपूर्व पातळीच्या दुपटीहून वर होत्या.

देशावरच्या ज्या शेतकऱ्याजवळ विकण्याजोगे धान्य होते त्याला या महागाईचा लाभ झाला आणि काहींची जुनी कर्जे फिटली. कोकणातील बहुसंख्य कुळे धान्य विकणारी नव्हती, विकत घेणारी होती. येथे भाववाढीचा फायदा धान्यरूपाने खंड घेणाऱ्या खोताला आणि साठा राखू शकणाऱ्या व्यापाऱ्याला झाला. खोतीविरुद्धच्या असंतोषाला युद्धकाळाने असे आणखी एक कारण दिले.

जपानने डिसेंबर १९४१मध्ये युद्धात प्रवेश केल्यावर आणि विशेषतः एप्रिल १९४२मध्ये कोलंबो, विशाखापट्टणम व काकीनाडा यांवर हल्ले झाल्यावर मुंबईतही बॉम्बहल्ल्याची भीती पसरली. अनेक कुटुंबांनी बायकामुलांना गावी धाडले. कोकणातल्या घरात माणसे वाढली, पण धान्य वाढले नाही. भीती ओसरल्यावर बहुतेक जण परतले. दोन वर्षांनी, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळा व कापूस वाहणाऱ्या जहाजाचा स्फोट झाला. मृतांची संख्या सुमारे ८०० ते १,३०० अशी वेगवेगळी दिली जाते. गोदीलगतची धान्याची कोठारे व वस्ती जळाली. गोदीत कोकणी मजुरांचा भरणा असल्याने या स्फोटाची बातमी रत्नागिरी जिल्ह्यात परगावची बातमी म्हणून आली नाही. हापूसच्या हंगामातल्या त्या दिवसांत खुशालीच्या पत्राची वाट पाहणे हेच किनाऱ्यावरील अनेक घरांचे काम झाले.

नौदल व व्यापारी जहाजांवरील खलाशी

रत्नागिरीच्या किनाऱ्याची समुद्राशी जुनी ओळख असल्याने युद्धापूर्वी रॉयल इंडियन नेव्हीतील खलाशांची भरती मुख्यत्वे याच जिल्ह्यातून, विशेषतः कोकणी मुसलमानांतून होत असे. १९३९मध्ये दोन हजारांच्या आसपास मनुष्यबळ असलेले हे नौदल १९४५पर्यंत सुमारे तीस हजारांवर गेले आणि भरती देशभरातून होऊ लागली. ब्रिटिश कंपन्यांच्या व्यापारी जहाजांवरही कोकणी मुसलमान डेकवरील कामगार म्हणून मोठ्या संख्येने होते. भरती बहुधा घाटसारंगाच्या मार्फत होई. एकाच गावचे, पुष्कळदा एकाच नात्यातले पुरुष एका जहाजावर जात. शांततेच्या काळात यामुळे परदेशात सोबत मिळे. युद्धात मात्र एक जहाज बुडाले की एका वाडीतील कित्येक घरांवर एकदमच आघात होण्याचा धोका त्यात होता.

युद्ध जाहीर होताच धोक्याच्या मानाने वेतन मिळावे म्हणून ब्रिटिश व इतर बंदरांत भारतीय खलाशांनी काम नाकारले. काहींना तुरुंगवास झाला, पण वेतनात वाढही झाली. युरोपीय खलाशाच्या तुलनेत ते वेतन तरीही फार कमी होते. महायुद्धात व्यापारी जहाजांवरील सहा हजारांहून अधिक भारतीय खलाशी मृत्युमुखी पडले. त्यांच्या नावांच्या स्मरणनोंदी मुंबई व चितगाव येथील स्मारकांशी निगडित आहेत. सैनिकाला कबर तरी मिळते; बुडालेल्या जहाजावरील खलाशाच्या घरी येत असे तो एक कागद, आणि पुष्कळदा त्यावर ‘बेपत्ता’ एवढेच लिहिलेले असे. कुटुंबाला मिळणारा वेतनाचा भाग कधी थांबतो आणि भरपाई कधी सुरू होते, हा प्रश्न दुःखाइतकाच तातडीचा होता. त्यासाठी अर्ज लिहून देणारा शिक्षक, पोस्टमास्तर किंवा मौलवी गावात महत्त्वाचा माणूस ठरे.

भूदलातही या तालुक्याची परंपरा होती. दापोली हे जुने लष्करी ठाणे. ‘कॅम्प दापोली’ हे नाव त्यावरूनच पडले. निवृत्त सैनिकांची, त्यांत महार समाजातील पेन्शनरांची, वस्ती येथे होती. महार पलटण पहिल्या महायुद्धानंतर बरखास्त झाली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सातत्याने मागणी केल्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली आणि कोकणातील तरुणांना लष्कराची वाट पुन्हा खुली झाली. या भरतीला केवळ राजनिष्ठा किंवा पोटापाण्याचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे आहे. ज्या गावात पाणवठ्यावर मज्जाव होता त्या गावी गणवेशात परतणे याला स्वतंत्र अर्थ होता.

सुट्या पैशांची टंचाई

युद्धकाळातील टंचाईंत सर्वांत अनपेक्षित टंचाई नाण्यांची होती. जून १९४०मध्ये फ्रान्स पडल्यावर नोटांवरील विश्वास डळमळला आणि लोक चांदीचे रुपये घेऊन घरी ठेवू लागले. सरकारने गरजेपेक्षा अधिक नाणी बाळगणे हा गुन्हा ठरवला आणि जुलै १९४०मध्ये एक रुपयाची कागदी नोट चलनात आणली. रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली. व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे जुने चांदीचे रुपये ३१ मार्च १९४१नंतर चलनातून बाद झाले. पुढे इतर राजांच्या छापाचेही उत्तम चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने काढून घेतले गेले. ज्या घरांत असे रुपये गाडग्यात किंवा बायकांच्या गाठीला होते तेथे ते सरकारजमा करायचे की सोनाराकडे न्यायचे हा विचार झाला असल्यास नवल नाही. चांदीचा भाव दिवसेंदिवस चढत होता.

१९४२–४३मध्ये तांब्याचे पैसे व आणे बाजारातून नाहीसे झाले. धातूची किंमत नाण्याच्या किमतीच्या जवळ जाऊ लागल्याने लोक ती साठवत, वितळवत. रोजच्या व्यवहारात याचा त्रास गरिबाला अधिक झाला. दोन पैशांचे मीठ किंवा एका आण्याची मासळी घेणाऱ्याजवळ मोड नसेल तर सौदाच होत नसे. देशात अनेक ठिकाणी दुकानदारांनी चिठ्ठ्या दिल्या, टपालाची तिकिटे मोडीसारखी फिरली. खेड्यांत जुनी सोय होतीच. वहीत नोंद करायची, किंवा पायलीभर भाताच्या बदल्यात मासळी, नारळाच्या बदल्यात मीठ अशी देवघेव करायची. नाण्यांच्या टंचाईने कोळिणीच्या पाटीभोवतीची ही अदलाबदल पुन्हा नित्याची केली.

सरकारने १९४३मध्ये मध्ये मोठे भोक असलेला पैसा काढला. त्याचे वजन जुन्या पैशाच्या निम्म्याहून कमी होते. ‘भोकाचा पैसा’ म्हणून तो प्रसिद्ध झाला. लोकांनी तो दोऱ्यात ओवून कमरेला बांधला, लहान मुलांच्या करदोट्यात घातला आणि सुतार-लोहारांनी त्याचा चकतीसारखा उपयोगही केला. त्याच वर्षी दोन रुपयांची नोट आली. देशातील चलनी नोटांची एकूण रक्कम युद्धारंभी सुमारे १८० कोटी रुपये होती, ती युद्धसमाप्तीपर्यंत ११०० कोटींच्या वर गेली. वस्तू तेवढ्याच किंवा कमी आणि नोटा सहापट, असे महागाईचे गणित होते. दाभोळच्या बाजारात ते गणित कोणी मांडत नव्हते, पण त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक होते.

घासलेट, कापड व औषधे

घासलेटचा मोठा पुरवठा ब्रह्मदेशातून होत असल्याने १९४२पासून तेही दुर्मीळ झाले. वीज नसलेल्या गावात घासलेट म्हणजेच रात्र. चिमणी व कंदील लवकर मालवले जाऊ लागले. कोकणात पूर्वी उंडीच्या व करंजाच्या तेलावर दिवे लावत; ती कडू तेले पुन्हा घाण्यावर गाळली गेली. काड्यापेट्याही महागल्याने चुलीत विस्तव राखून ठेवण्याची आणि शेजारणीकडून निखारा मागून आणण्याची पद्धत टिकून राहिली. रात्रीच्या मासेमारीला आणि पहाटेच्या बाजाराला प्रकाशाच्या या टंचाईचा त्रास झाला.

कापडाचे दर १९४३च्या मध्यापर्यंत असह्य झाले. जून १९४३मध्ये कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला आणि गिरण्यांना ठरावीक भावाचे ‘स्टँडर्ड’ कापड काढावे लागले. ते जाडेभरडे असून पुरेसे मिळत नसे. गिरणीत दिवसरात्र कापड काढणाऱ्या कामगाराच्या घरी गावी लुगडे फाटलेले असावे, ही त्या काळाची वस्तुस्थिती होती. मच्छिमारांच्या दृष्टीने सुताचे नियंत्रण अधिक गंभीर होते. नायलॉनपूर्वीच्या त्या काळात जाळी सुताची व तागाची विणत आणि ती सतत दुरुस्त करावी लागत. मासळीला चांगला भाव असताना जाळ्याला सूत नाही, अशी कोंडी झाली.

जावा बेट मार्च १९४२मध्ये जपानच्या ताब्यात गेले. जगातील बहुतांश क्विनाइन तेथील सिंकोना झाडांपासून बनत होते. लष्कराची गरज आधी भागवली जाऊ लागल्याने हिवतापाच्या रुग्णांना क्विनाइन मिळणे कठीण झाले. पावसाळ्याच्या अखेरीस, जेव्हा कणगी रिकामी आणि भात अजून शेतात असे, तेव्हाच हिवतापाचाही जोर असे.

युद्धोत्तर काळ

ऑगस्ट १९४५मध्ये युद्ध संपले तरी नियंत्रणे संपली नाहीत. १९४६मध्ये देशातील धान्यस्थिती पुन्हा बिघडली आणि रेशनचे मूळ प्रमाण माणशी दररोज १२ औंसांवर आणण्यात आले. फेब्रुवारी १९४६मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदल केंद्रावर सुरू झालेल्या खलाशांच्या उठावातही निकृष्ट जेवण ही एक प्रमुख तक्रार होती. डिसेंबर १९४७मध्ये महात्मा गांधींच्या आग्रहानंतर धान्यावरील नियंत्रणे सैल करण्यात आली, पण भाव भडकल्याने १९४८मध्ये ती पुन्हा आली. १९५४मध्ये धान्याचे युद्धकालीन रेशनिंग संपुष्टात आले. दरम्यान १९४९मध्ये मुंबई खोती निर्मूलन कायदा संमत झाला आणि खोताच्या हिश्शाचा प्रश्न कायद्याने निकाली काढण्यात आला.

‘कंट्रोल’, ‘लेव्ही’, ‘परमिट’ आणि ‘काळाबाजार’ हे शब्द याच दशकात मराठी बोलीत घट्ट रुजले. रेशनच्या दुकानाला कंट्रोलचे दुकान म्हणण्याची पद्धत कोकणात पुढेही अनेक दशके चालू राहिली. भोकाचा पैसा १९४७पर्यंत पाडला गेला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यानंतर तो हळूहळू बाजारातून गेला.